चढावर गाडीला दम का लागतो?

मोटरसायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. गाडी एका किकमध्ये सुरू होते, सपाटीवर नीट चालते, आवाजही फारसा बदललेला नसतो. पण चढ लागला की ओढत नाही. ‘पिकप गेला’ असे म्हणून आपण ती गॅरेजवर नेऊन लावतो. तिथे एखादा भाग बदलला जातो, गावात एक फेरी मारून ‘झाली’ असे सांगितले जाते, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. माझ्या बाबतीत हे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी जे कळले, त्यासाठी मला अकरावीच्या पुस्तकातला एक धडा पुन्हा उघडावा लागला. तो धडा मी स्वतःच कितीतरी वर्षे शिकवत होतो!

२००८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी बहीण चिपळूणला दिलेली, त्यामुळे कराड–पाटण–हेळवाक–कुंभार्ली घाट हा रस्ता पायाखालचा. गाडी शंभर सीसीची, चार स्ट्रोकची, तेव्हा दहा वर्षांची. परतताना चिपळूणला टाकी भरून घेतली, मागे सौ. बसल्या होत्या. घाट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात गाडी आचके देऊ लागली. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात आलो, आणि एका वळणावर, मागे लाकडाने भरलेला ट्रक असताना, ती गपकन बसली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बरे. पाच-सात मिनिटे थांबलो, किक मारली, तर गाडी काही झालेच नाही अशी सुरू झाली. थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तेच.

कराडला आल्यावर एका गॅरेजमध्ये आधी प्लग बदलला. पुढच्या खेपेला ‘तापल्यावर कॉइल सोडतीय’ म्हणून कॉइल बदलली. तिसऱ्या खेपेला निदान झाले, “सर, बोअर गेलाय. रिबोअर करून पिस्टन बदलावा लागेल.” खर्चाचा आकडा माझ्या निम्म्या पगाराच्या घरात जात होता. शिवाय माझा स्वतःचा एक संशय होताच. टाकी भरली की त्रास जास्त होतो, म्हणजे पंपवाल्याचे पेट्रोल भेसळीचे असणार.

हे कोडे सोडवण्याआधी एक साधा हिशेब करू. सपाटीवर नीट चालणारी गाडी चढावर का उघडी पडते?

शंभर सीसी म्हणजे काय ते आधी पाहा. या वर्गातल्या अनेक गाड्यांच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर असते. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून धावेने गुणले की ९७.२ घन सेंटिमीटर येतात. (आठवी-नववीच्या मुलांना दंडगोलाच्या घनफळाचे हे उदाहरण जरूर द्यावे, पाण्याच्या टाकीपेक्षा ते त्यांना जास्त आवडते.) अशा इंजिनाची कमाल शक्ती सुमारे साडेसात अश्वशक्ती, म्हणजे साडेपाच किलोवॅट. पण ही शक्ती मिनिटाला ८,००० फेऱ्यांना मिळते. आपण त्याच्या निम्म्या-पाऊण वेगाने इंजिन फिरवतो, तेव्हा फार तर तीन-साडेतीन किलोवॅट हाताशी असतात.

आता खर्चाची बाजू. गाडी ११० किलो, माणसे दोन, एकूण २४५ किलो धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने सपाटीवर जाताना टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण एक किलोवॅट लागतो. दर शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर हे २४५ किलो सेकंदाला ६७ सेंटिमीटर वर उचलावे लागतात. २४५ × ९.८ × ०.६७ म्हणजे सुमारे १,६०० वॅट. एकूण झाले अडीच-पावणेतीन किलोवॅट. म्हणजे सपाटीवर इंजिन आपल्या ऐपतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालते, आणि घाटात जवळजवळ सगळी ऐपत पणाला लागते. इंजिनाची एक तृतीयांश ताकद नाहीशी झाली, तरी कराडच्या बाजारपेठेतून फिरताना तुम्हाला पत्ताही लागणार नाही! गावात फेरी मारून ‘झाली’ म्हणणे का फसते, ते इथे कळते. निर्दोष आणि सदोष गाडी ज्या परिस्थितीत सारखीच वागते, त्या परिस्थितीत घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

शक्तीची ही कल्पना वर्गात रुजवायची असेल तर शाळेचा जिना वापरा. साठ किलोचा मुलगा साडेतीन मीटर उंचीचा जिना चार सेकंदांत धावत चढला, तर त्याची शक्ती पाचशे वॅटच्या थोडी वर येते. दोन मुलांची मिळून एक अश्वशक्ती सहज भरते. अर्थात चारच सेकंद!

आता दुसरा प्रश्न. ताकद खरोखर इंजिनाची गेली आहे, की ती चाकापर्यंत पोचत नाही? हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा, आणि बहुतेक वेळा तोच राहून जातो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, न्यूट्रलमध्ये, मागचे चाक हाताने फिरवून पाहा. ते मोकळे फिरले पाहिजे. ब्रेक घासत असेल तर थोडी गाडी चालवल्यावर चाकाचा मधला ड्रम ब्रेक न लावताही गरम लागतो. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा चेन फार ताणलेली असेल, तरीही बिचाऱ्या इंजिनावर आळ येतो. याची एक छान चाचणी म्हणजे रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर ताशी ४० चा वेग घेऊन क्लच दाबायचा आणि वेग २० वर यायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याने मोजायचे. गाडी चांगली असताना हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे तो फार उपयोगी पडतो. क्लचचे लक्षण वेगळे. चढावर रेस दिली की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही. माझ्या गाडीत आवाजच खाली बसत होता. म्हणजे क्लच सुटला, दोष इंजिनाकडे आला.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, ते नीट दाबले जाणे, आणि वेळेवर ठिणगी. शिवाय जळलेला वायू बाहेर जायला मोकळी वाट. यांपैकी काय बिघडले ते ओळखायला भाग बदलून पाहण्याची गरज नसते. प्रत्येक दोष आपली खूण मागे ठेवतो.

प्लग काढून त्याचे टोक पाहा. फिकट बदामी किंवा विटकरी रंग म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला असेल, किंवा चोक अर्धवट ओढलेला राहिला असेल. ओला, तेलकट काळेपणा असेल तर इंजिनाचे तेल वर येते आहे. पांढरट, भाजल्यासारखे टोक म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. माझ्या गाडीचा प्लग पांढरट होता. गॅरेजवाल्याने तो फेकून नवा बसवला! आजाऱ्याची जीभ पाहण्याऐवजी बदलून टाकावी, तसा हा प्रकार.

दाबाची परीक्षाही सोपी आहे. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट धरून दुसऱ्याने किक मारली, की चांगल्या इंजिनाची हवा अंगठा उडवून लावते. (प्लगची तार आधी बाजूला काढून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावी, आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे.) दाब कमी वाटला तर दोघांवर संशय येतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील. यांतला गुन्हेगार कोण, हे शोधण्याची जुन्या मिस्त्री लोकांची युक्ती मला फार आवडते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचे आणि पुन्हा दाब पाहायचा. तेल पिस्टनच्या कडेला पसरून रिंगांची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा, कारण ते वर असतात, तेल तिथे पोचत नाही. एक चमचा तेल, आणि रिबोअरचा खर्च खरा की खोटा ते ठरते. व्हॉल्व्हच्या बाबतीत कधी कधी तर टॅपेटची फटच कमी राहिलेली असते; तापल्यावर धातू प्रसरण पावतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि थंड असताना चांगली असलेली गाडी तापली की मरगळते. फट मिलिमीटरच्या शतांश भागात मोजायची असते, पण नीट करायला दहा मिनिटे पुरतात.

बाहेर जाण्याची वाट तुंबणे हा दोन स्ट्रोकच्या गाड्यांचा खास रोग होता. पेट्रोलमध्ये तेल मिसळून जळत असल्यामुळे सायलेन्सरमध्ये कार्बनचा थर जमे. आता त्या गाड्याच विरळ झाल्या आहेत.

तेल घालून पाहिल्यावर माझ्या गाडीचा दाब आधी होता तेवढाच भरला, आणि तो मुळातच चांगला होता. रिबोअर वाचला. पेट्रोलचे काय? कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले, तासभर ठेवले. तळाशी पाणी नाही, गाळ नाही. पंपवाल्यावरचा माझा आरोपही मला मागे घ्यावा लागला.

आजच्या वाचकाच्या मनात इथे इथेनॉल येईल. आपल्या ऊसपट्ट्यात तर तो घरचाच विषय. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे लिटरमागे मिळणारी ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि त्याच मानाने अॅव्हरेजही. पण अॅव्हरेज आणि ताकद या दोन गोष्टी एक नव्हेत. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरली यावर, आणि तेवढ्या हवेला पुरेसे इंधन मिळाले की नाही यावर. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत जेट पेट्रोलच्या मापाचे असते, म्हणून मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. त्याने थोडा फरक पडेल, पण गाडी घाटात बसणार नाही.

हवेचा हा हिशेब मोठा मजेदार आहे. मिनिटाला ५,००० फेऱ्या म्हणजे २,५०० वेळा हवा आत ओढणे. दर वेळी ९७ घन सेंटिमीटर, पण वाटेतल्या अडथळ्यांमुळे थोडी कमी. मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो! या २०० लिटर हवेचे वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि पेट्रोल लागते हवेच्या वजनाच्या पंधराव्या भागाइतके, म्हणजे १५ ग्रॅम किंवा २० मिलिलिटर. घाटात दर मिनिटाला वीस मिलिलिटर, आणि सपाटीवर ताशी ४० ने जाताना आठ-नऊ. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

शेवटी कोणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले. आमच्या भागात विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारी एक पिढी होती. किर्लोस्करवाडी इथून लांब नाही. हे त्यातलेच. त्यांनी पान्याला हात लावला नाही. एका खोक्यावर बसून विचारू लागले.

“थांबल्यावर आपोआप चालू हुती न्हवं?”

“हो, पाच-सात मिनिटांनी.”

“टाकी भरल्याव जास्त, का संपत आल्याव?”

“भरल्यावर. म्हणून तर मला पेट्रोलचा संशय आला.”

ते हसले. “सर, आता गाडी बसली की थांबू नका. नुसतं टाकीचं झाकण उघडा आन् किक मारा. लगीच पळाली तर माझ्याकडं या. न्हाई पळाली तर कॉइलवाल्याकडं जा.”

या दोन वाक्यांत विज्ञानाची सगळी रीत आहे. ‘थांबल्यावर बरी होते’ ही खूण तापलेल्या कॉइललाही लागू पडते आणि मिस्त्रींच्या मनातल्या कारणालाही. म्हणून तिच्यावरून निर्णय होत नाही. जिथे दोन कारणे वेगवेगळी भाकिते करतात, अशी जागा शोधावी लागते. झाकण उघडल्याने कॉइल थंड होत नाही.

पुढच्या खेपेला कुंभार्ली घाटात गाडी बसली, तशी मी ती रस्त्याच्या कडेला घेऊन झाकण उघडले. ‘फुस्स’ असा आवाज झाला, हवा आत शिरल्याचा. आणि गाडी लगेच सुरू झाली.

टाकीच्या झाकणात एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली उतरेल तशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा त्यातून आत येते. माझ्या गाडीत ते धूळ आणि धुण्याच्या पाण्यातला चिखल बसून जवळजवळ बुजले होते. पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर धार धरत नाही, तेल गचके खात पडते. म्हणून आपण दुसरे भोक पाडतो. पूर्वीच्या काचेच्या सलाइनच्या बाटलीला हवेसाठी वेगळी सुई टोचलेली असे, तेही याचसाठी. हे सगळे मला माहीत होते. फक्त ते माझ्या गाडीला लागू आहे, हे माहीत नव्हते.

पण टाकी भरल्यावरच त्रास का? इथे बॉइलचा नियम येतो. तापमान स्थिर असताना वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल उतरते ते स्वतःच्या वजनाने, आणि ही उंची फार तर फूटभर. वातावरणाच्या दाबाशी तुलना करायची तर वातावरण पेट्रोलचा सुमारे १४ मीटर उंच स्तंभ तोलून धरते. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा जेमतेम दोन टक्के उतरला, की पेट्रोल खाली यायचे थांबते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर समजा अर्धा लिटर हवा आहे. तिचे दोन टक्के म्हणजे दहा मिलिलिटर! घाटात एवढे पेट्रोल अर्ध्या मिनिटात जाते. टाकी अर्धी असेल तर हवा पाच लिटर, आणि शंभर मिलिलिटर जाईपर्यंत उसंत मिळते. (टाकीत पेट्रोलची वाफही असते आणि ती आपली जागा भरून काढते, म्हणून प्रत्यक्षात हे थोडे हळू होते. शिवाय कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो.) माझ्या झाकणाचे भोक पूर्ण बंद नव्हते. मिनिटाला आठ-नऊ मिलिलिटर हवा ते आत सोडत असावे. सपाटीला तेवढी पुरे, घाटाला नाही. पांढरट प्लग, थांबल्यावर बरे होणे, पंपाबद्दलचा संशय, सगळे या एका भोकात बसले.

हे मी अकरावीच्या वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने शंका काढली. “सर, घाट चढताना बाहेरचा दाबपण कमी होतो ना? मग टाकीतली हवा उलट पेट्रोलला खाली ढकलायला हवी.” शंका अगदी रास्त होती. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दर शंभर मीटर चढल्यावर बाहेरचा दाब साधारण एक टक्क्याने घटतो. ताशी ४० ने सहा टक्के चढ म्हणजे मिनिटाला ४० मीटर, म्हणजे ०.४ टक्के. अर्ध्या टाकीत वीस मिलिलिटर पेट्रोल गेले की पाच लिटर हवेचा दाबही ०.४ टक्क्यानेच उतरतो. दोन्ही बाजू सारख्या! म्हणजे अर्ध्या टाकीने भोक बंद असतानाही घाट चढता येतो. भरलेल्या टाकीत मात्र आतला दाब मिनिटाला चार टक्क्यांनी उतरतो, आणि बाहेरची घट त्यापुढे काहीच नाही.

मग तिनेच विचारले, “आणि उतरताना?” मला एकदम आठवले. त्याच पावसाळ्यात चिपळूणला जाताना, अर्ध्या टाकीवर घाट उतरून पायथ्याला पोफळीजवळ आल्यावर गाडी बंद पडली होती. चढ नव्हता, ओझे नव्हते, म्हणून तो प्रसंग मी वेगळ्याच खात्यावर मांडला होता. उतरताना बाहेरचा दाब मिनिटाला ०.४ टक्के वाढतो. आतली हवा त्याच्या बरोबरीला यायची तर टाकीतल्या दर लिटर हवेमागे मिनिटाला चार मिलिलिटर हवा भोकातून आत यायला हवी. हवा पाच लिटर असेल तर वीस मिलिलिटर, आणि अर्धा लिटर असेल तर फक्त दोन. चढताना भरलेली टाकी वाईट, उतरताना रिकामी होत आलेली.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे नियम आले, आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. आता पंप पेट्रोल दाबाने पाठवतो, संवेदक हवा मोजतात, आणि काही बिघडले तर समोर दिवा लागतो. टाकीत हवा येण्याची वाट मात्र याही गाड्यांना लागतेच. बहुधा ती नळीवाटे असते. माझ्या झाकणाचे भोक मिस्त्रींनी टाचणीच्या टोकाने उघडले. पैसे घेतले नाहीत. “दर पावसाळ्यानंतर एवढं करा,” म्हणाले, आणि चहा मात्र दोनदा प्यायले.